आणि जिंकला... रिकामा!

ए दोस्त, वहीचं शेवटचं पान उघड बरं! हो, तेच पान. बाईंचं तिकडे कधी लक्षच जात नाही, असं आपल्याला उगाच वाटतं ना, तेच! आता दोन उभ्या रेघा मार. त्यांच्यावरून दोन आडव्या मार. झाली नऊ घरं तयार!

ओळखलंस ना? फुली-गोळा!

नियम तुला तोंडपाठ असतील. तरी एकदा घोकून घेऊ, कारण आज ते एका अशा गड्याला शिकवायचे आहेत, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही. एकाची फुली, दुसऱ्याचा गोळा. फुलीवाल्याने सुरुवात करायची आणि मग आळीपाळीने एकेका घरात आपली खूण करायची. ज्याच्या तीन खुणा एका ओळीत येतील, तो जिंकला. ओळ आडवी चालेल, उभी चालेल, तिरकीही चालेल. सगळी घरं भरली आणि कुणाचीच ओळ झाली नाही, तर बरोबरी.

आता हा पट बघ. फ म्हणजे फुली, ग म्हणजे गोळा आणि छोटी रेघ म्हणजे रिकामं घर.

फ ग -
ग फ -
- - फ

कोण जिंकलं? फुली! बघ, प्रश्न संपायच्या आत उत्तर आलंसुद्धा! तू काही मोजलं नाहीस, आकडेमोड केली नाहीस. नुसतं पाहिलंस आणि कळलं.

आणि आपला तो नवा गडी? तो म्हणजे संगणक! एका सेकंदात कोट्यवधी बेरजा करणारा हा पठ्ठ्या या पटासमोर मात्र ढिम्म बसून राहतो. का सांगू? त्याला पट दिसतच नाही! चौकोन नाही, रेघा नाहीत, तिरकं नाही, सरळ नाही. त्याच्यापुढे येते ती नुसती नऊ खुणांची माळ. अशी:

फ ग - ग फ - - - फ

घे! आता यात शोध तिरकी ओळ!

जगभर कुठेही मुलं प्रोग्राम लिहायला शिकू लागली की कधी ना कधी हा सराव त्यांच्यापुढे येतोच. पट दिलेला आहे, कोण जिंकलं ते संगणकाला ओळखायला लावा. ऐकायला किती सोपं! पण या इवल्याशा प्रश्नात इतके खड्डे दडलेत की भलेभले त्यांत धप्पकन पडतात. चल, आपण एकेका खड्ड्यात डोकावू.

आधी घरांना नंबर देऊ.

१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९

आता सांग, जिंकायच्या ओळी एकूण किती? पटकन सांग! सहा? आडव्या तीन आणि उभ्या तीन मिळून सहा, बरोबर. पण तिरक्या राहिल्या की! त्या दोन धरून झाल्या आठ. एक-दोन-तीन ही एक. एक-चार-सात ही दुसरी. एक-पाच-नऊ ही तिरकी. उरलेल्या पाच तू वहीत लिहून काढ.

या आठ त्रिकुटांची यादी आपण संगणकाच्या हातात ठेवायची. शाळेत नव्या आलेल्या बाईंना कोण कुणाच्या गटात आहे ते ठाऊक नसतं, म्हणून आपण त्यांना गटांची यादी देतो ना? अगदी तसंच! मग संगणकाला सांगायचं, "बाबा रे, प्रत्येक त्रिकुट तपास. तिन्ही घरांत एकच खूण सापडली, तर ती खूण जिंकली."

छान! झाला की प्रोग्राम! चालवून बघू या? अजून कुणी काहीच खेळलेलं नाही, असा कोरा पट त्याला देऊ.

संगणक लगेच उत्तर देतो. अगदी ऐटीत. काय म्हणतो, ओळख!

"रिकामा जिंकला!"

अरेच्चा! हा रिकामा कोण? हा कधी खेळायला आला?

हसू नकोस हं. संगणकाचं काहीच चुकलेलं नाही! पहिलं त्रिकुट बघ. पहिल्या घरात काय? रिकामं. दुसऱ्यात? रिकामं. तिसऱ्यात? तेही रिकामं. तिन्ही घरांत एकच गोष्ट आहे की नाही? आहे! मग आपल्याच नियमाप्रमाणे रिकामा जिंकला! रिकामी जागा म्हणजे खूण नव्हे, हे तुला-मला आपोआप कळतं. संगणकाला कुणी सांगितलं होतं?

संगणकाची हीच तर गंमत आहे. तो आपण सांगितलेलं करतो, आपल्या मनातलं करत नाही. आई म्हणाली, "दूध उतू जातंय का बघ," आणि आपण नुसतं बघतच राहिलो, तर? संगणक अगदी तसाच! गॅस बंद करायचा, हे त्याला वेगळं सांगावं लागतं.

म्हणून नियमात एक शेपूट जोडायचं. तिन्ही घरांत एकच खूण हवी, आणि ती घरं रिकामी नसावीत. झालं, रिकामेराव खेळातून बाद!

आता पुढचा खड्डा. हा जरा लबाड आहे. पट बघ.

फ ग ग
ग फ फ
फ ग फ

सगळी घरं भरली आहेत. समजा, आपण प्रोग्राममध्ये आधी लिहिलं, "सगळी घरं भरली असतील, तर बरोबरी." संगणक नऊ घरं बघतो, म्हणतो, "भरली! बरोबरी!" आणि मोकळा होतो. पण एक-पाच-नऊ बघ ना! तिरकी ओळ फुलीचीच आहे! बिचाऱ्या फुलीने अगदी शेवटच्या घरात खूण करून सामना मारला आणि पंचांनी तो बरोबरीत सोडवला. मैदानात असं झालं, तर केवढा आरडाओरडा होईल!

म्हणजे नुसते प्रश्न बरोबर असून भागत नाही. ते कोणत्या क्रमाने विचारायचे, तेही ठरवावं लागतं. आधी विचार, "कुणाची ओळ झाली का?" नाही झाली, तरच पुढे विचार, "घरं संपली का?" संपली असतील तर बरोबरी. तीही संपली नसतील, तर उत्तर काय? "अजून खेळ चालू आहे!" बघ, जिंकलं कोण एवढंच विचारायला निघालो होतो, आणि उत्तरं निघाली चार.

आणि थांब, पाचवं उत्तरही आहे! हा पट पाहा.

फ फ फ
ग ग ग
- - -

कोण जिंकलं? फुली? गोळा? दोघं?

कुणीच नाही. कारण असा पट होऊच शकत नाही! एकाची ओळ झाली की खेळ तिथेच थांबतो, मग दुसऱ्याची होईलच कशी? इथे नक्की कुणीतरी लबाडी केली आहे. म्हणून हुशार प्रोग्राम थोडा संशयी असतो. तो आधी खुणा मोजतो. फुली पहिली खेळते, म्हणून फुल्या एक तर गोळ्यांइतक्याच असतात, नाही तर एकने जास्त. फुल्या चार आणि गोळा एकच, असं दिसलं की समजायचं, कुणीतरी हळूच दोनदा हात मारलाय!

त्यातही एक बारीक गोष्ट आहे, मला ती फार आवडते. गोळा जिंकला असेल, तर फुल्या आणि गोळे अगदी सारखेच असायला हवेत. का? कारण शेवटची खेळी गोळ्याची होती, त्यानंतर फुलीला पाळीच मिळाली नाही! आणि फुली जिंकली असेल, तर फुल्या एकने जास्तच हव्यात. हे डोक्यात ठेव हं, पुढे लागणार आहे.

बरं, मग एकाच खेळाडूच्या एकदम दोन ओळी होऊ शकतात का? वाटतं ना, नाही म्हणून? होऊ शकतात!

फ ग फ
ग फ ग
फ ग फ

समजा, मधलं घर सगळ्यांत शेवटी भरलं. तोवर कुणाचीच ओळ झालेली नव्हती. मध्ये फुली पडली आणि दोन्ही तिरक्या ओळी एका झटक्यात पूर्ण! शिवाय गंमत बघ, पाच फुल्यांची मिळून एक मोठ्ठी फुली झाली! यात लबाडी मुळीच नाही. पण आपला भोळा प्रोग्राम मात्र "फुली जिंकली! फुली जिंकली!" असं दोनदा ओरडण्याची शक्यता आहे.

हा खेळ संगणकाला शिकवायची हौस तशी जुनी आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात अलेक्झांडर डग्लस नावाच्या विद्यार्थ्याने एडसॅक या संगणकावर फुली-गोळा बसवला. तो संगणक तुझ्या दप्तरात मावला नसता. घरात तरी मावला असता का कोण जाणे, एक अख्खी खोली व्यापून तो बसला होता! त्याला माऊस नव्हता. मग घर कसं निवडायचं? जुन्या टेलिफोनला बोट घालून फिरवायची तबकडी असायची ना, ती फिरवून! पाच नंबरच्या घरात खूण हवी असेल, तर पाचच्या भोकात बोट घालायचं आणि घर्रर्र! पडद्यावर सगळं चित्र ३५ गुणिले १६ ठिपक्यांत बसवलेलं असायचं. तेवढ्याच ठिपक्यांत पट, फुल्या आणि गोळे!

नऊ घरांचा हा एवढासा खेळ. तो किती वेगवेगळ्या प्रकारांनी खेळता येईल, सांग बरं? शंभर? हजार? खुणा कोणत्या क्रमाने पडल्या तेही मोजलं, तर तब्बल २,५५,१६८ वेगवेगळे डाव होतात! दोन लाख पंचावन्न हजार! त्यांतल्या १,३१,१८४ डावांत फुली जिंकते, ७७,९०४ डावांत गोळा, आणि उरलेले ४६,०८० बरोबरीत सुटतात. पहिली पाळी मिळवायला सगळे का भांडतात, कळलं? पण दोघंही अगदी न चुकता खेळले ना, तर प्रत्येक डाव बरोबरीतच सुटतो. मग कितीही भांडा!

आता जवळ ये. एक भन्नाट गुपित सांगायचं आहे. घरांचे नंबर पूस आणि नवे लिही. असे विचित्र दिसले, तरी असेच लिही:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

हे काय वेड्यासारखं? वेड्यासारखं नाही. वरच्या ओळीची बेरीज कर. आठ, एक, सहा. पंधरा! मधली? तीन, पाच, सात. पंधरा! खालची? पंधरा! उभ्या कर. पंधरा, पंधरा, पंधरा! तिरक्या? त्याही पंधरा!

हा आहे जादूचा चौरस. असले चौरस आपल्या देशात फार पूर्वीपासून माहीत आहेत. नारायण पंडित नावाच्या गणितज्ञाने १३५६ साली 'गणितकौमुदी' हा ग्रंथ लिहिला. त्यातलं एक अख्खं प्रकरण त्याने अशा चौरसांना देऊन टाकलंय!

पण याचा फुली-गोळ्याशी काय संबंध? आता नीट बघ हं.

सुरुवातीच्या पटावर फुलीची तिरकी ओळ झाली होती ना? नव्या नंबरांत ती घरं कोणती? आठ, पाच, दोन. बेरीज पंधरा. म्हणजे फुलीकडच्या नंबरांत कुठल्याही तिघांची बेरीज पंधरा आली, की फुली जिंकली! आडवं बघायला नको, उभं बघायला नको, तिरकं तर नकोच नको. ज्या संगणकाला पट दिसत नव्हता, त्याला आता तो दिसायची गरजच उरली नाही. त्याला हवी नुसती बेरीज. आणि बेरजेत त्याचा हात कोण धरणार?

तू म्हणशील, "थांबा! ओळ नसतानाच बेरीज पंधरा आली, तर?"

शाब्बास! असाच प्रश्न विचारायला हवा. करून बघू. एक ते नऊमधले तीन वेगवेगळे आकडे घेऊन पंधरा किती प्रकारे होतात? १, ५, ९. मग १, ६, ८. मग २, ४, ९. २, ५, ८. २, ६, ७. ३, ४, ८. ३, ५, ७. आणि ४, ५, ६. आणखी शोध. दमशील, पण नववा प्रकार सापडायचा नाही! बरोबर आठ. आणि पटावर ओळी किती? त्याही आठच! एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

अजून आहे! या यादीत पाच हा आकडा कितीदा आला, मोज. चार वेळा. बाकी कुठलाही आकडा इतक्यांदा आलेला नाही. आणि पाच कुठे बसलाय? अगदी मधोमध! मधल्या घरातून चार ओळी जातात. कोपऱ्यांतले २, ४, ६, ८ तीन-तीनदा आलेत, कारण कोपऱ्यातून तीन ओळी जातात. उरलेले दोन-दोनदा. मधलं घर पकडायला सगळे का धावतात, ते या बेरजांनीच सांगून टाकलं!

फक्त एक काळजी घ्यायची. नऊ आणि सहासुद्धा पंधराच होतात. पण ते दोघेच आहेत. आपल्याला तिघं हवेत, बरोबर तिघं.

या गुपिताचा एक खट्याळ उपयोगही आहे. नऊ चिठ्ठ्या कर, त्यांवर एक ते नऊ आकडे लिही आणि मैत्रिणीला खेळायला बोलाव. नियम एवढाच, की आळीपाळीने एकेक चिठ्ठी उचलायची आणि ज्याच्याकडच्या कुठल्याही तीन चिठ्ठ्यांची बेरीज पहिल्यांदा पंधरा होईल, तो जिंकला. जादूचा चौरस तू आधीच हळूच कंपासपेटीच्या झाकणात चिकटवून ठेव!

समजा, तू पाच उचललेस. तिने सात घेतले. तू आठ. आता तुला दोन मिळाले की झालं, म्हणून ती घाईघाईने दोन उचलते. तिचे सात आणि दोन झाले नऊ, तिला हवेत सहा. ते तूच उचल! आता बघ, तुझ्याकडे पाच, आठ आणि सहा. चार मिळाले तर पाच, सहा, चार. पंधरा! एक मिळाला तर आठ, सहा, एक. तेही पंधरा! ती अडवून अडवून अडवणार किती? एकच! तिने चार उचलले, की तू एक उचल. जिंकलास किंवा जिंकलीस, जे असेल ते!

ती बिचारी बोटांवर बेरजा करत बसली होती. आणि तू? तू तर फुली-गोळा खेळत होतास किंवा होतीस! दोन खेळ दिसायला वेगळे, पण आतून अगदी एकच.

सगळ्यांत नवलाची गोष्ट अजून राहिलीच. फुली-गोळा खेळणारं एक यंत्र असं होतं, ज्याला कोण जिंकलं हे कधीच कळत नव्हतं! ते बनलं होतं कशाचं, ओळख. काड्यापेट्यांचं! अगदी खरं! १९६१ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड मिची या शास्त्रज्ञाने ३०४ काड्यापेट्या रचून ते तयार केलं. यंत्राची पाळी असताना पट ज्या ज्या प्रकारे दिसू शकतो, त्या प्रत्येकासाठी एकेक पेटी. पेटीत रंगीत मणी, आणि प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची, जो मणी पुढे येईल त्या घरात यंत्राची खूण.

डाव संपला की यंत्र आपलं गप्प. जिंकलो की हरलो, त्याला पत्ताच नाही! मग मिचीसाहेब पट बघायचे. यंत्र जिंकलं असेल, तर त्या डावात वापरलेल्या पेट्यांत त्याच रंगाचे तीन-तीन जादा मणी टाकायचे. बरोबरी झाली, तर एक-एक. हरलं, तर वापरलेला मणी काढूनच घ्यायचे! चांगल्या खेळीचे मणी वाढत गेले, वाईट खेळीचे कमी होत गेले, आणि काड्यापेट्या चक्क खेळायला शिकल्या! फक्त एक काम त्यांना कधी जमलं नाही. पटाकडे बघून "कोण जिंकलं?" ते सांगायला कुणीतरी लागायचंच.

तू आता त्या कामात एकदम तयार आहेस, नाही का? मग हा शेवटचा पट घे.

ग फ फ
फ ग -
- फ ग

"सोप्पं! गोळ्याची तिरकी ओळ!" असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा ना? थांब, घाई नको. फुल्या मोज. गोळे मोज. आणि मग सांग, आपल्या संशयी प्रोग्रामने इथे काय उत्तर द्यावं?